एक दिवस, आठ जणी आणि व्हिएन्ना

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

टूर कंपनीशिवाय युरोपात निघालेल्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आहेत, आणि त्यांत व्हिएन्ना पुन्हा पुन्हा येतं. प्राग आणि बुडापेस्टच्या मधल्या रेल्वेमार्गावर असल्यामुळे बहुतेकांच्या सहलीत या शहराच्या वाट्याला एकच दिवस येतो. म्हणून या अंकातली सगळी उत्तरं त्या एका दिवसाभोवतीच आहेत. तिकिटांचे दर बदलत राहतात, त्यामुळे ते दिलेले नाहीत. निघण्याच्या आठवड्यात त्या-त्या ठिकाणच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावेत.

प्रश्न : शाळेपासूनच्या आम्ही आठ मैत्रिणी सप्टेंबरात प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्टला जातोय. सगळं आमचं आम्ही ठरवलंय. व्हिएन्नात दोन मुक्काम आहेत, पण मोकळा दिवस एकच, मंगळवार. हॉटेल मुख्य रेल्वे स्टेशनजवळ आहे. सगळ्या साठीच्या अलीकडे-पलीकडे, एकीचे गुडघे दुखतात. राजवाडा, चर्च, बाजार, ट्राम, कॉफी हे सगळं हवंय, पण ऊर फुटेस्तोवर धावायचं नाही. यादी करायला बसलो तर बावीस ठिकाणं झाली. काय ठेवावं, काय गाळावं?
— सु. जो., सहकारनगर

उत्तर : बावीसांतून पैसे भरून आत जायचं ठिकाण एकच ठेवा. बाकीचं शहर बाहेरून, चालत आणि ट्राममधून पाहा. हा सल्ला काटकसरीचा नाही, वेळेचा आहे. आठ जणी संग्रहालयात शिरणार म्हणजे तिकिटांचे कोड शोधणं, सॅक आणि छत्र्या लॉकरमध्ये टाकणं, स्वच्छतागृहाची रांग आणि बाहेर पडल्यावर पुन्हा मोजदाद. पाऊण तास यातच जातो, चित्रं पाहायचा वेळ निराळा. अशी तीन ठिकाणं घेतलीत की दिवस रांगांतच मावळला म्हणून समजा.

ते एक ठिकाण श्योनब्रुन नको. राजवाडा देखणा आहे, वाद नाही. पण तो शहराच्या नैर्ऋत्येला आहे, जाऊन-येऊन भुयारी रेल्वेचा प्रवास आहे, १४४१ खोल्यांपैकी पाहायला मिळतात त्या चाळीसच्या आसपास, आणि टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या इमारतीपर्यंत चढायचं म्हटलं तर अर्धा दिवस सरळ गेला. दोन दिवस असते तर गोष्ट वेगळी.

त्याऐवजी अप्पर बेल्व्हेडेर हा महाल घ्या. कारण एक, ते तुमच्या स्टेशनपासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. वाटेत श्वाइत्सरगार्टन नावाची बाग लागते, तिच्यातून निघा. कारण दोन, हा महाल चढावर आहे आणि जुनं शहर खाली. म्हणजे सकाळी ताज्या पायांनी वरून सुरुवात केलीत की पुढची वाट उताराची किंवा सपाट. उलट दिशेने येणारे लोक दुपारच्या उन्हात हीच बाग चढत असतात.

तिकीट घरूनच काढा आणि सकाळची पहिली वेळ धरा. तिकिटावर प्रवेशाची वेळ असते, ती चुकवू नका. चित्रकार क्लिम्ट यांचं 'चुंबन' हे चित्र (१९०७-०८) इथे आहे. १८० सेंटिमीटर लांब आणि तेवढंच रुंद, अगदी चौरस. फोटोत कळत नाही ते म्हणजे त्यातलं सोनं खऱ्या वर्खाचं आहे. समोरून पाहून झालं की जरा बाजूला सरकून तिरकस उजेडात पाहा, वर्खाचा पोत वेगळा उठून दिसतो. गर्दीचे गट यायच्या आत आधी थेट या चित्राकडे जा, मग उरलेली दालनं सावकाश पाहा. ज्या संगमरवरी दालनात १५ मे १९५५ रोजी ऑस्ट्रियाला पुन्हा स्वातंत्र्य देणारा करार झाला, तेही याच महालात आहे. सव्वा तास पुरे.

मग मागच्या अंगाने बागेत उतरा. कारंजी आणि कापलेल्या कुंपणांच्या पलीकडे स्टेफान्सडोम या शहराच्या मुख्य चर्चचा मनोरा दिसतो. बेर्नार्दो बेलोत्तो यांनी अठराव्या शतकात इथूनच शहर रंगवलं होतं, आणि नजरेसमोरचा पट आजही पुष्कळसा तसाच आहे. वाट खडीची आहे, गुळगुळीत तळव्याच्या चपला घालू नका. खालच्या महालाच्या फाटकातून बाहेर पडलात की रेनवेग हा रस्ता. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी इथून ७१ नंबरची ट्राम धरून श्वार्त्सेनबर्गप्लात्सला उतरावं, बाकीच्या चालत येतील. तिथलं मोठं कारंजं १८७३ सालचं आहे. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी नळाने शहरात आलं त्या आनंदात ते उभारलं. तेच पाणी आजही शहराच्या नळांना येतं, म्हणून बाटल्या विकत घेऊ नका, भरून घ्या. बाटली घेतलीच, तर २०२५ पासून प्लास्टिकची बाटली आणि डबा यांवर २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटमधल्या यंत्रात न चेचता टाकली की ती परत मिळते.

पुढे कार्ल्सकिर्खे हे चर्च बाहेरून, त्याच्या पुढ्यातल्या पाण्याशी दहा मिनिटं बसून. मग सेसेशन या कलाप्रदर्शनाच्या इमारतीचा सोनेरी पानांचा घुमट, आणि तो ओलांडला की नाशमार्क्ट सुरू. व्हीन ही छोटी नदी झाकून तिच्यावर हा बाजार भरतो. साडेअकरा ते एक ही तिथली चांगली वेळ.

नाशमार्क्टला खिसा हलका होतो तो असा. दुकानदार हातावर फलाफल, ऑलिव्ह, सुकवलेलं फळ ठेवतो, तुम्ही 'थोडं द्या' म्हणता आणि तो पळीने भरभरून पिशवीत घालतो. पाटीवरचा भाव बहुतेकदा १०० ग्रॅमचा असतो, किलोचा नाही. इथे वजन 'डेका'त सांगतात. एक डेका म्हणजे १० ग्रॅम. 'त्सेन डेका' म्हटलं की १०० ग्रॅम. आकडा आधी बोला आणि काट्याकडे बघत राहा. बसून जेवायचं असेल तर आठ खुर्च्या एकत्र मिळणं अवघड आहे, चार-चार जणींनी शेजारची दोन टेबलं घ्या. जेवून डाव्या-उजव्या इमारतींकडे मान वर करायला विसरू नका. लिंके व्हीन्त्साइले या रस्त्यावर वास्तुविशारद ओटो वाग्नर यांचं फुलांच्या फरश्यांनी मढवलेलं घर आहे.

कॉफी गुंपेनडोर्फर श्ट्रासवरच्या काफे श्पेर्लमध्ये घ्या. बाजारापासून पाच-सात मिनिटं. १८८० सालचं आहे, बिलियर्डची टेबलं, झिजलेला मखमली कोच सगळं जागेवर. काफे सेंट्राल जास्त प्रसिद्ध आहे, पण त्याच्या दाराशी रांगेत उभं राहण्यात तुमच्या दिवसाचा पाऊण तास वाया जातो. मेलांज म्हणजे गरम दूध आणि फेस घातलेली कॉफी, आपल्याकडच्या सवयीला हीच बरी. आइनश्पेनर म्हणजे काचेच्या पेल्यात काळी कॉफी आणि वर घट्ट फेटलेली साय. कॉफीबरोबर चांदीसारख्या छोट्या ताटलीत पाण्याचा पेला येतो. एका कॉफीवर तासभर बसलात तरी कुणी उठवत नाही. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, तो दुर्लक्षाचा प्रकार नव्हे.

इथून पुढे सगळं सपाट. मारिया तेरेझियाच्या पुतळ्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभी असलेली जुळी संग्रहालयं, बुर्गटोरची कमान, हेल्डेनप्लात्स, होफबुर्ग राजवाड्याच्या पोटातून मिखाएलरप्लात्स, कोलमार्क्ट, ग्राबेनवरचा १६९३ चा प्लेगस्तंभ आणि शेवटी स्टेफान्सडोम. रमतगमत दीड-दोन तास. ग्राबेनच्या बाकांवर बसणं हासुद्धा कार्यक्रमच समजा.

स्टेफान्सडोममध्ये दाराजवळच्या मागच्या भागात जायला पैसे पडत नाहीत. वर जायचं असेल तर दोन वाटा आहेत. दक्षिण मनोरा १३६ मीटर उंच आहे आणि त्यातल्या खोलीपर्यंत अरुंद गोल जिन्याच्या ३४३ पायऱ्या आहेत. चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यात. गुडघेवालीने या भानगडीत पडू नये. उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि तिथेच 'पुमेरिन' ही वीसेक टनांची घंटा आहे. १९४५ च्या आगीत जुनी घंटा पडून फुटली, तिच्या धातूतून ही १९५१ मध्ये ओतली. छपरावर सुमारे २ लाख ३० हजार कौलं आहेत. उत्तर मनोऱ्यावरून त्यांतली व्हिएन्ना शहराची आणि ऑस्ट्रियाची चिन्हं जवळून दिसतात. 'पैसे भरून एकच ठिकाण' हा नियम मोडायचाच असेल तर या लिफ्टसाठी मोडा, वीस मिनिटांत काम होतं.

संध्याकाळी श्वेडेनप्लात्सला चालत जा. समोर दिसतं ते पाणी डॅन्यूब नव्हे, डॅन्यूबचा कालवा आहे. खरी नदी भुयारी रेल्वेच्या लाल रंगाच्या यू-१ मार्गावर डोनाउइन्झेल स्थानकाला लागते. तेव्हा 'डॅन्यूबकाठी' म्हणून फोटो टाकण्याआधी जरा थांबा. इथून १ नंबरची ट्राम, श्टेफान-फादिंगर-प्लात्सच्या दिशेची. शहराची तटबंदी पाडून तिच्या जागी रिंगश्ट्रास हा गोल रस्ता करायचा हुकूम १८५७ मध्ये निघाला, आणि ही ट्राम त्या रस्त्याचा सगळ्यात देखणा तुकडा दाखवते. उजव्या हाताला विद्यापीठ, नगरभवन, संसद आणि ती जुळी संग्रहालयं, डाव्या हाताला बुर्गथिएटर, राजबागा आणि ऑपेरा. एकाच ट्राममध्ये बसून पूर्ण वर्तुळ व्हायचं ते २००८ मध्ये बंद झालं. उरलेला भाग हवा असेल तर ऑपेराला उतरून २ नंबर धरावी लागते. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून लोक १ नंबरमध्ये बसून राहतात आणि भलत्याच उपनगरात पोचतात.

तुम्ही मात्र ऑपेराहून डी ट्राम घ्या, शेवटचा टप्पा नुसडॉर्फ. अर्ध्या-पाऊण तासात द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी. तिथल्या 'हॉयरिगर'मध्ये मळेवाले स्वतःची वाइन विकतात. या परवानगीचा हुकूम १७८४ चा आहे. दारावर हिरवी डहाळी टांगलेली असेल तर उघडं. पण हे लोक पाळीपाळीने काही आठवडेच उघडतात, म्हणून कुठलं चालू आहे ते सकाळी हॉटेलात विचारा आणि आठ जणींसाठी टेबल सांगून ठेवा. पेय टेबलावर आणून देतात, खाणं आपण काउंटरवरून आणायचं, तिथेच पैसे द्यायचे. न पिणाऱ्यांसाठी द्राक्षाचा रस असतो. या मार्गाची खरी गंमत परतीत आहे. हीच डी ट्राम उलट दिशेने मुख्य स्टेशनला जाते, कुठेही बदलायची नाही. रुळांचं काम चालू असेल तर मार्ग फिरवतात, तेव्हा स्टॉपवरचा फलक वाचा.

चोवीस तासांचं तिकीट प्रत्येकीने वेगळं घ्या. कागदी तिकीट निळ्या पेटीत घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो, आणि चोवीस तास तिथून मोजतात. यंत्र विचारतं 'आत्तापासून की नंतर', त्यात गफलत होते. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाही. भुयारी स्थानकांना फाटकं नाहीत म्हणून कुणी बघत नाही असं वाटतं. तपासनीस साध्या कपड्यांत येतात, दंड शंभर युरोंच्या वर आहे आणि 'माहीत नव्हतं' चालत नाही. शिक्का मारला की एका स्टॉपसाठीसुद्धा ट्राम घ्या. गुडघे वाचवायचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको जैन, कांदा-लसूण-कंदमुळं नाही, अंडं नाही. बरोबरची दोन जोडपी शाकाहारी, त्यांना कांदा-बटाटा चालतो, एकाला अंडंही. व्हिएन्नात एकाच टेबलावर बसून सगळ्यांना काही मिळेल का, की डबेच न्यायचे?
— मे. शा., बिबवेवाडी

उत्तर : एकाच टेबलावर बसता येईल. मात्र मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी, हा हिशेब इथे चुकतो. खरी अडचण गोमांसाच्या पाण्याची, म्हणजे स्टॉकची आहे. व्हिएन्नाचं प्रसिद्ध बटाट्याचं सॅलड, एर्डेप्फेलसालाट, परंपरेने याच पाण्यात मुरवतात. नुसतं 'सूप' लिहिलेलं असेल, त्यात धिरड्याच्या पट्ट्या किंवा रव्याचा गोळा असेल, तरी खालचं पाणी गायीच्या हाडामांसाचं. बटाट्याच्या सुपात 'श्पेक', म्हणजे डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे असू शकतात. तळण कधी लोण्यातल्या तुपात, कधी डुकराच्या चरबीत, आणि भज्यासारखं तळलेलं चीज बहुधा श्नित्सेलच्याच, म्हणजे चुऱ्यात घोळून तळलेल्या मांसाच्याच, कढईतलं. 'व्हेजिटेरियन?' एवढं विचारून हो आलं तरी हे सुटतं. म्हणून प्रश्न दोन विचारा, 'मांसाचं पाणी आहे का' आणि 'कशात तळलंय'.

मेन्यू कार्डावर पदार्थापुढे रोमन अक्षरं छापलेली असतात. ती ॲलर्जीसाठी आहेत, पण आपल्या फार कामाची. सी म्हणजे अंडं, जी म्हणजे दूध, डी म्हणजे मासा, ए म्हणजे गहू वगैरे. सी दिसलं की जैन मंडळींनी पुढे सरकावं. केझेश्पेट्झले या चीज घातलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या पदार्थात मांस नसतं, पण गोळ्यांत अंडं असतं. तिथे सी असेलच. एल म्हणजे सेलरी. भाजीच्या साध्या पदार्थापुढे एल दिसलं तर स्टॉक घातल्याची शंका घ्यावी, कारण स्टॉकमध्ये सेलरी हमखास पडते. मांसाला मात्र अक्षर नाही, आणि कांदा-लसणालाही नाही. त्यामुळे अक्षरं पाहून अंडं वगळता येतं, बाकीचं तोंडाने विचारावंच लागतं.

कांदा-अंडं चालणाऱ्यांना केझेश्पेट्झले (वर तळलेला कांदा नको असेल तर सांगा), पालकाचे क्न्योडेल (उकडलेले गोळे), नाशमार्क्टचं फलाफल, हुमुस, पाव, मशरूमचे पदार्थ असं बरंच आहे. लिपटाउअर हे लाल मिरचीपूड घातलेलं मऊ चीज पावावर छान लागतं, पण त्यात कांदा असतो आणि काही ठिकाणी खारवलेला बारीक मासा, म्हणून डी अक्षर तपासा.

जैन दांपत्याला गरम जेवण सांगून करून घ्यावं लागेल. फलाफल-हुमुसमध्ये कांदा-लसूण असतोच, ते सोडा. बिनलसणाच्या सॉसचा मार्गारीटा पिझ्झा, टोमॅटो-काकडीचं सॅलड लिंबू-तेलाबरोबर, बेकरीतला साधा झेमेल पाव आणि लोणी हे मिळतं. चीजमध्ये दूध फाडण्यासाठी घातलेलं वासराच्या पोटातलं रेनेट असू शकतं, पाळायचं असेल तर सूक्ष्मजीवांच्या रेनेटचं लेबल असलेलं पाकीट सुपरमार्केटमधून घ्या. गोडात आप्फेलश्ट्रुडेल. त्याची पारी मैदा, तेल आणि पाण्याची, वर्तमानपत्र वाचता येईल इतकी पातळ ओढलेली असते. आत सफरचंद, लोण्यात परतलेला पावाचा चुरा, दालचिनी, बेदाणे. तीन ठिकाणी फसायला होतं. वरून ओततात त्या व्हॅनिला सॉसमध्ये अंड्याचा बलक असतो, काही जण पारीला वरून अंडं फासतात, आणि बेदाणे रममध्ये भिजवलेले असू शकतात. सॉसशिवाय मागा, सी अक्षर पाहा, बेदाण्यांबद्दल विचारा. टॉप्फेनश्ट्रुडेल हा त्याचा ताज्या चीजचा भाऊ, त्याच्या सारणातच अंडं असतं.

वेळेचंही पाळा. पुष्कळ जुन्या खानावळींचं स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतं ते संध्याकाळीच उघडतं, आणि रात्री नऊ-साडेनऊनंतर गरम काही मागणं कठीण. 'दुर्खगेहेंड वार्मे क्यूखे' अशी पाटी असेल तिथे दिवसभर मिळतं, आणि कॉफीहाउसांत बहुधा मिळतंच. घरचे ठेपले आणि खाकरे सोबत असावेत, पण बागेत बसून खाण्यासाठी. हॉटेलच्या टेबलावर डबा उघडू नये.

प्रश्न : घरच्या लोकांसाठी पेढे, तूप आणि हापूस नेला तर चालेल का? तिकडे भाची राहते.
— वि. के., प्रभात रस्ता

उत्तर : नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पनीर, श्रीखंड त्यात आलं, आणि पेढा म्हणजे आटवलेलं दूधच. ताजी फळं आणि पानं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, त्यामुळे हापूस आणि कढीपत्ताही राहिला. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना सूट आहे. बाकरवडी, चिवडा, चकली, मसाले, लोणचं न्या. लोणच्याची बरणी चेक-इन सामानात, दोन पिशव्यांत.

प्रश्न : चौघे मित्र. खाण्यासाठीच जातोय. बीफ मात्र नको. व्हिएन्नात काय खावं आणि काय टाळावं?
— नि. पा., वडगाव शेरी

उत्तर : ज्याच्यासाठी जाताय तेच आधी टाळा. कार्डावर नुसतं 'वीनर श्नित्सेल' लिहिलं असेल तर ते वासराचं, ऑस्ट्रियात तसा नियमच आहे. डुकराचं असेल तर 'फोम श्वाइन' किंवा 'वीनर आर्ट' असं वेगळं लिहितात. कोंबडीचं मागायचं तर 'ह्यूनर' किंवा 'पुटे', पुटे म्हणजे टर्की. चांगल्या श्नित्सेलचं आवरण मांसाला चिकटलेलं नसतं, फुगून लाटांसारखं वर आलेलं असतं. भरपूर तुपात पोहल्याशिवाय ते तसं येत नाही. चपटं, तेलकट आणि चिकटलेलं आलं तर पुढच्या वेळी दुसरीकडे जा. ताटाबाहेर येणारा तुकडा असतो, दोघांत एक आणि रिकामी ताटली मागायला लाजू नका.

टाफेलश्पित्स आणि गुलाश ही दोन्ही गोमांसाची. बाकहेंडल ही पावाच्या चुऱ्यात तळलेली कोंबडी मागवा, फक्त सोबतचं बटाट्याचं सॅलड गोमांसाच्या पाण्यातलं असू शकतं, त्याऐवजी हिरवं सॅलड सांगा. माशांत त्सांडर आणि फोरेले, दोन्ही गोड्या पाण्यातले. त्सांडरला काटे कमी.

रस्त्यावरच्या व्युर्स्टलश्टांडवर सॉसेज खायचं तर त्यात डुक्कर आणि गोमांस मिसळलेलं असू शकतं, आधी विचारा. चालत असेल तर केझेक्राइनर, आत चीजचे तुकडे असलेलं. तुकडे करूनच मागा. अख्ख्याला चावा घेतला की आतलं उकळतं चीज जिभेवर आणि शर्टावर, दोन्हीकडे उडतं. मोहरी 'शार्फ' म्हणजे झणझणीत, 'झ्यूस' म्हणजे गोडसर. बाजूला किसलेलं पांढरं क्रेन, म्हणजे हॉर्सरॅडिशचं तिखट मूळ, मिळतं, ते नाकात जातं, बेताने घ्या.

प्रश्न : खरा साखरटोर्टे कुठला, हॉटेल साखरचा की डेमेलचा?
— अ. गो., सदाशिव पेठ

उत्तर : कोर्टात जाऊन भांडलेले लोक आहेत ते, आपण कशाला मध्ये पडा. फ्रान्त्स साखर यांनी १८३२ मध्ये ऑस्ट्रियाचे मंत्री मेटर्निख यांच्यासाठी केलेला चॉकलेट केक, इथपर्यंत दोघांचं एकमत. हॉटेलचा मधून कापलेला, त्यामुळे जर्दाळूच्या जॅमचे थर दोन, एक मध्ये आणि एक चॉकलेटखाली. डेमेलचा एकच, वरचा. दोन्ही आपल्या अपेक्षेपेक्षा कोरडे लागतात, म्हणून शेजारी बिनसाखरेची फेटलेली साय देतात. ती बाजूला सारून खाणारेच नंतर 'काही विशेष नाही' म्हणतात. दोन्हींत अंडं आहे.

प्रश्न : सहा जणांत खर्चाचा हिशेब, टिप आणि कार्ड याचं काय करावं? मागच्या सहलीला यावरून रुसवेफुगवे झाले.
— रा. भि., कर्वेनगर

उत्तर : वेटर बिल आणतो तेव्हा 'त्सुझामेन' म्हणजे एकत्र की 'गेट्रेन्ट' म्हणजे वेगवेगळं असं विचारतो. वेगवेगळं मागणं इथे अगदी रूढ आहे. तो टेबलाशी उभा राहून एकेकाचा हिशेब करतो, फक्त कुणी काय खाल्लं ते ज्याने त्याने लक्षात ठेवावं. टोपलीतला पाव फुकट असेलच असं नाही. किती तुकडे खाल्ले ते विचारून लावतात.

टिप पाच ते दहा टक्के, आणि टेबलावर ठेवून निघायची पद्धत नाही. बिल २७.४० चं असेल तर पैसे किंवा कार्ड पुढे करताना 'तीस' म्हणा, तेवढेच कापले जातात. ट्राम, पाणी, स्वच्छतागृह, बाजार यांसाठी सकाळी प्रत्येकी सारखी रक्कम काढून एकाच्या हाती द्या, संपली की पुन्हा काढा. ५० सेंटची नाणी साठवा, सार्वजनिक स्वच्छतागृहांत लागतात. टपऱ्या आणि छोट्या दुकानांत रोख लागते, तीही १० आणि २० च्या नोटांत.

कार्डाच्या यंत्रावर 'रुपयांत की युरोत' असं आलं तर युरो. रुपये दाबलेत की दर त्यांचा लागतो, आणि तो तुमच्या बँकेपेक्षा महागच पडतो. रस्त्याकडेच्या भिंतीतल्या सुट्या एटीएमवर हा प्रश्न दोनदा, वेगवेगळ्या शब्दांत येतो. दोन्ही वेळा नाही म्हणा.

प्रश्न : आमचा एकमेव दिवस रविवारी येतोय. काही बिघडतं का?
— श्री. मो., पिंपळे सौदागर

उत्तर : नाशमार्क्ट बंद, दुकानं बंद, सुपरमार्केटं बंद. संग्रहालयं, चर्च, कॉफीहाउस, ट्राम चालू. पहिल्या उत्तरातला बाजाराचा टप्पा गाळून तो वेळ ग्राबेन आणि बागांना द्या, जेवण कॉफीहाउसात. किराणा लागला तर मुख्य स्टेशनात आणि प्राटरश्टेर्न स्टेशनात दुकान उघडं असतं, पण तिथे सगळं शहर लोटतं. स्टेफान्सडोममध्ये प्रार्थना चालू असताना फिरू देत नाहीत, दुपारनंतर जा. खरेदी शनिवारीच उरकलेली बरी, आणि शनिवार मोकळा मिळाला तर केटेनब्र्युकेनगासे स्थानकाबाहेर जुन्या वस्तूंचा बाजारही भरतो.

प्रश्न : डिसेंबरात दोन मैत्रिणींबरोबर ख्रिसमस बाजार पाहायला जायचंय. तुमचं नेहमीचं वेळापत्रक चालेल का?
— प्रा. दे., औंध

उत्तर : उलटं करावं लागेल. डिसेंबरच्या मध्यात दुपारी चारला सूर्य मावळतो, तर जूनमध्ये रात्री नऊला. बाग, मनोरा, चालणं हे सगळं दहा ते साडेतीनमध्ये बसवा, संग्रहालय अंधार पडल्यावर. कला-इतिहास संग्रहालय गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, ब्रॉयगेलचं १५६३ चं 'बाबेलचा मनोरा' हे चित्र तिथे आहे. गुरुवार असेल तर सोनंच.

नगरभवनासमोरचा बाजार सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दाटीचा. संध्याकाळी सहानंतर तिथे माणूस हलत नाही, एकदा पाहून बाहेर पडा आणि पेय श्पिटेलबेर्गच्या गल्ल्यांतल्या बाजारात घ्या. गरम पेयाच्या मगाची अनामत वेगळी घेतात, त्यामुळे पहिल्यांदा बिल फुगलेलं वाटतं. तो मग परत दिलात की पैसे परत, ठेवून घेतलात तर आठवण म्हणून तुमचा. 'किंडरपुन्श' बिनदारूचं. 'पुन्श' मात्र गोड लागतं म्हणून सरबत समजू नका. २४ तारखेला दुपारपासून दुकानं आणि बरीच हॉटेलं बंद होतात, २५ आणि २६ सुट्टी. त्या रात्रीचं जेवण आधीच ठरवून ठेवा.

प्रश्न : ऑपेरा पाहायचा आहे, पण तिकीट परवडत नाही. स्टेफान्सडोमसमोर मोझार्टच्या वेषातली मुलं तिकिटं विकतात, ती घ्यावीत का?
— चि. रा., टिळक रस्ता

उत्तर : ती स्टाट्सऑपरच्या, म्हणजे व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरागृहाच्या, प्रयोगाची नसतात. लाल कोट आणि टोप घातलेले हे विक्रेते पर्यटकांसाठीच्या संगीत-कार्यक्रमांची तिकिटं विकतात. कार्यक्रम वाईटच असतो असं नाही, पण ऑपेरा समजून पैसे देऊ नका. घ्यायचंच तर सभागृहाचं नाव तिकिटावर वाचा.

खऱ्या ऑपेरात उभं राहून पाहायची तिकिटं असतात, 'श्टेप्लात्स' म्हणतात, आणि ती बसायच्या तिकिटांच्या मानाने फारच स्वस्त. विक्रीची वेळ संकेतस्थळावर असते. आत गेल्यावर आपल्या जागेच्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधायचा, जागा राखली गेली, मग खुशाल बाहेर हिंडून या. बॅग किंवा कोट ठेवून भागत नाही, स्कार्फ न्याच. कोट आणि मोठी बॅग कोटघरात द्यावी लागते. कठड्यावरच्या छोट्या पडद्यावर संवादांचं इंग्रजी रूपांतर दिसतं. पाय दुखले तर मध्यंतरात निघून येण्यात गैर काही नाही. संगीतकार वाग्नरचा प्रयोग पाच तासांपर्यंत जाऊ शकतो, पहिल्यांदा जाणाऱ्याने मोझार्ट किंवा पुचिनीचा दिवस निवडावा. आत जाण्याआधी खाऊन घ्या. प्रयोग सुटल्यावर स्वयंपाकघरं बंद झालेली असतात, आणि जवळ उघडा सापडतो तो अल्बेर्टिना संग्रहालयासमोरचा सॉसेजचा ठेला.